लांब पल्ल्याचे धावणे आणि ट्रॅकवरची मोटरसायकल: शरीरावर आणि मनावर कोणता ताण येतो?

महाड-पोलादपूर भागात पहाटे बाहेर पडलात तर रस्त्यावर दोन प्रकारची तरुण मंडळी दिसतात. काही जण पोलीस किंवा सैन्य भरतीसाठी धावत असतात. काही जण सुट्टीच्या दिवशी मोटरसायकल घेऊन आंबेनळी किंवा वरंध घाटाकडे निघालेले असतात आणि त्यांच्यातल्या काहींना एकदा तरी खऱ्या रेसिंग ट्रॅकवर गाडी चालवायची असते. हल्ली दोघांच्याही मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारे घड्याळ असते. दवाखान्यात प्रश्नही त्या घड्याळावरूनच येतो: "डॉक्टर, गाडीवर माझे ठोके दीडशेच्या वर जातात. मग वेगळे धावायची गरज काय?" आईवडिलांचे म्हणणे नेमके उलटे असते: "गाडीवर नुसते बसायचे, त्यात दमण्यासारखे काय आहे?"

या दोन्ही समजुती बरोबर नाहीत. कुठे चुकते ते नीट समजून घेतले पाहिजे, विशेषतः घरात कोणाला रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर.

ठोके सारखे, कारण वेगळे

धावताना मांड्या, पोटऱ्या आणि नितंब यांचे मोठे स्नायू तालात आकुंचन पावतात आणि सैल होतात. त्यांना भरपूर प्राणवायू लागतो, म्हणून हृदय जास्त रक्त पुढे ढकलते. त्याच वेळी स्नायूंमधल्या रक्तवाहिन्या रुंद होतात. त्यामुळे वरचा रक्तदाब वाढला तरी खालचा फारसा वाढत नाही. हे आठवड्यांमागून आठवडे नियमित झाले की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पाठवायला शिकते आणि विश्रांतीच्या वेळचे ठोके कमी होतात. आपण ज्याला दम वाढणे म्हणतो ते हेच.

पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. ढोबळ हिशेबाने दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला एक किलोकॅलरी खर्च होते, म्हणजे ६० किलोच्या माणसाचा खर्च अडीच हजारांच्या आसपास जातो. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण तिसाव्या किलोमीटरपर्यंत पुरते. त्यानंतर पाय अचानक शिशाचे झाल्यासारखे वाटतात. धावपटू याला 'भिंत लागली' म्हणतात. शिवाय प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो आणि चार तासांच्या शर्यतीत अशी सुमारे चाळीस हजार पावले पडतात. धावणाऱ्यांच्या बहुतेक दुखापती म्हणूनच पडल्यामुळे होत नाहीत. तोच भार पुन्हा पुन्हा येऊन टाच दुखते, नडगी दुखते, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ येते, कधी हाडाला केसाएवढी चीर जाते.

मोटरसायकलवर पुढे नेण्याचे काम इंजिन करते. साध्या रस्त्यावर शांतपणे गाडी चालवणे शरीराच्या दृष्टीने साधारण चालण्याइतकेच श्रमाचे असते. ट्रॅकवर मात्र चित्र बदलते. मोटोजीपी शर्यतीची गाडी किमान १५७ किलोची असते आणि शर्यत साधारण ४० ते ४५ मिनिटे चालते. सरळ पट्ट्यात वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो आणि वळणाआधी काही सेकंदांत तो उतरवावा लागतो. त्या वेळी शरीर पुढे फेकले जाते आणि तो भार हातांनी, खांद्यांनी आणि टाकीला आवळलेल्या मांड्यांनी पेलायचा असतो. मग एका बाजूला लटकून वळण घ्यायचे, उठायचे, दुसऱ्या बाजूला लटकायचे. असे रायडरचे ठोके धावपटूइतके वर जातात यात नवल नाही.

पण ते का वाढतात ते पाहा. एक तर स्नायू आवळून धरलेले असतात. आवळलेल्या स्नायूत रक्तवाहिन्या दबतात, म्हणून वरचा आणि खालचा असे दोन्ही रक्तदाब वाढतात. श्वास रोखून धरला तर आणखी वाढतात. दुसरे कारण ॲड्रेनलिन. शर्यत सुरू होण्यापूर्वी, गाडी जागेवर उभी असतानाही ठोके वाढलेले असतात. तिसरे कारण कातडी सूट आणि हेल्मेटच्या आत कोंडलेली उष्णता. प्राणवायूचा वापर मात्र ठोक्यांच्या प्रमाणात वाढत नाही. घाट चढून आल्यावर घड्याळाने 'इतक्या कॅलरी जळल्या' असे दाखवले तर तो आकडा फुगलेला समजावा. घड्याळाला तुम्ही धावत होता की घाबरला होता, हे कळत नाही.

या आवळण्यातून रायडरचा एक खास आजार होतो. कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू फुगतात, पण त्यांच्यावरचे आवरण ताणले जात नाही. आत दाब वाढतो, हात दगडासारखा होतो आणि बोटे ब्रेकवर ऐकेनाशी होतात. २०२१ मध्ये स्पेनमधल्या हेरेथच्या शर्यतीत आघाडीवर असलेला फ्रेंच रायडर फाबिओ क्वार्तारारो याच कारणाने तेराव्या क्रमांकापर्यंत घसरला. त्याने हाताची शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्याच वर्षी जगज्जेतेपद मिळवले. आपल्याकडे इतका तीव्र त्रास क्वचितच दिसतो. मुंबई ते पोलादपूर गाडी चालवून आल्यावर करंगळी-अनामिका बधिर होणे किंवा अंगठ्याजवळ मुंग्या येणे मात्र नेहमीचे आहे. हँडल सैल हाताने धरणे, पोट आणि पाठीच्या स्नायूंवर शरीर तोलणे, मध्ये उतरून हात झटकणे एवढ्याने बहुतेकांना आराम पडतो. बधिरपणा रात्रीही राहत असेल तर दाखवून घ्या.

दमल्यावर काय होते

माझ्या मते दोन्ही खेळांतला सर्वांत मोठा फरक इथे आहे. धावणारा दमला की त्याचा वेग आपोआप उतरतो. पाय जड होतात, मेंदू आवर घालतो आणि बहुतेक वेळा शरीर स्वतःला वाचवते. दुचाकीस्वार दमला तरी गाडीचा वेग उतरत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. दमलेल्या मेंदूला ब्रेक लावायला अर्धा सेकंद जास्त लागला तर तेवढ्यात आठ मीटर गेलेले असतात. घाटातल्या वळणावर आठ मीटर म्हणजे समोरून येणाऱ्या एसटीची बाजू.

मनावरचा ताणही म्हणून निराळा. लांब धावणाऱ्याला सुरुवातीला स्वतःला रोखावे लागते आणि शेवटी कंटाळा व वेदना सोबत घेऊन चालावे लागते. मन मध्येच भटकले, गाणे गुणगुणले तरी चालते. ट्रॅकवरच्या रायडरला मन भटकू देण्याची सोय नाही. ब्रेक कुठे लावायचा, नजर कुठे ठेवायची, मागचा टायर घसरतोय का, हे निर्णय सेकंदासेकंदाला घ्यावे लागतात. थोडी भीती लागतेच, ती लक्ष जागे ठेवते. फार वाढली तर नजर धोक्यावरच खिळते, आणि नजर जिथे खिळते तिकडेच गाडी जाते.

गाडीवरचा थकवा पायांत जाणवत नाही, म्हणून तो ओळखायला शिकावे लागते. वळण संपल्यावर आपण फार आत किंवा फार बाहेर गेलो होतो असे लक्षात येणे, ब्रेक दर वेळी थोडा उशिरा लागणे, नजर फक्त पुढच्या चाकाजवळ राहणे, मागचे दोन-तीन किलोमीटर न आठवणे. यांतले एक जरी जाणवले तरी थांबा. गणपतीला रात्री मुंबईहून निघणाऱ्या चाकरमान्यांनी तर दीड-दोन तासांनी उतरायलाच हवे. कामावरून थेट गाडीवर बसणे टाळा. झोपेची भरपाई चहा करत नाही.

एकाचा दुसऱ्याला उपयोग होतो का?

धावण्याचा रायडरला होतो. दम चांगला असला की ठोके लवकर खाली येतात, उष्णता सोसते आणि शेवटच्या फेऱ्यांत डोके ताजे राहते. मोठे रायडर म्हणूनच सायकलिंग आणि धावणे करतात. दमाचा पाया पक्का असला की त्यावर वेगळे कौशल्य उभे राहते, याचे आपल्याकडचे उदाहरण माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत त्या तीनदा पहिल्या आल्या. नंतर त्या अडथळे आणि पाण्याची उडी असलेल्या ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत दहाव्या आल्या.

उलट दिशेने फारसे मिळत नाही. कितीही घाट फिरलात तरी भरतीची १६०० मीटरची धाव त्याने सुधारणार नाही.

ऊन, दमट हवा आणि पाणी

कोकणातल्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या वेळी ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीनंतर काही उमेदवारांचा मृत्यू झाला होता. आता हे अंतर मुलांसाठी १६०० आणि मुलींसाठी ८०० मीटर आहे. मोटरसायकललाही ऊन सोडत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर झालेल्या मोटोजीपीत उष्णतेमुळे मुख्य शर्यत २४ ऐवजी २१ फेऱ्यांची केली गेली. तरीही दुसरा आलेला होर्हे मार्टिन शेवटी पाणी कमी पडून पार गळून गेला. पूर्ण तयारीच्या खेळाडूची ही गत, तर जॅकेट-हेल्मेट घालून मे महिन्यात दुपारी महाडच्या बाहेर पडणाऱ्याने काय करावे? दुपारी निघूच नये.

धावताना किंवा गाडीवर कोणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग तापलेले लागले तर तो उष्माघात समजा, अंग घामाने ओले असले तरीही. सावलीत न्या, कपडे किंवा सूट काढा, भरपूर पाणी ओता, वारा घाला. १०८ ला फोन करा, पण गाडीची वाट पाहत थंड करणे थांबवू नका. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

दुसऱ्या टोकाची चूकही होते. तीन-चार तास धावताना फक्त साधे पाणी पीत राहिले तर रक्तातले सोडियम उतरते, डोके दुखते, उलट्या होतात, झटकेही येऊ शकतात. तहान लागेल तसे प्या. मध्ये ओआरएस किंवा मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत घ्या. रक्तदाबाच्या रुग्णांनी हे मीठ लांब पल्ल्यापुरतेच ठेवावे, रोजच्या चालण्याला त्याची गरज नसते.

आजार असेल तर

रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून जास्त असेल तर तो आटोक्यात येईपर्यंत दोन्ही थांबवा. मेटोप्रोलॉलसारखी गोळी सुरू असेल तर ठोके मुळातच कमी राहतात. घड्याळातला आकडा लहान दिसला म्हणून जोर वाढवू नका. बोलता येईल इतकाच दम लागला पाहिजे.

मधुमेहात इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची साखर धावताना आणि नंतर काही तासांनीही उतरू शकते. धावणारा बसून साखर खाईल, गाडीवरचा रुग्ण मात्र स्वतःसोबत दुसऱ्यालाही घेऊन जाईल. निघण्यापूर्वी साखर तपासा. ९० पेक्षा कमी असेल तर आधी खा. ७० च्या खाली गेली तर उपचार करून ती नीट झाल्यावरही ४५ मिनिटे गाडी चालवू नका.

अँजिओप्लास्टीनंतर चालणे लवकर सुरू होते. धावणे मात्र हृदयरोगतज्ज्ञांनी तपासून सांगितल्यावरच, आणि दुचाकी कधीपासून हेही त्यांनाच विचारा. बायपासमध्ये छातीचे हाड कापलेले असते, ते नीट जुळायला साधारण तीन महिने द्या. खड्ड्याच्या एका धक्क्याला ते हाड हँडलचा भार पेलणार नाही. फिट येणाऱ्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय गाडी चालवू नये. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, त्या घेऊन घाट चढू नका. भरतीची तयारी करणाऱ्या मुलींना लवकर दम लागत असेल तर सराव वाढवण्याआधी हिमोग्लोबिन तपासा.

घाट म्हणजे ट्रॅक नव्हे

ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, घसरल्यावर थांबायला मोकळी जागा असते, रुग्णवाहिका उभी असते. आंबेनळीत दरड, शेवाळ, गुरे आणि दरी असते. वेगाची हौस असेल तर चेन्नई किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर प्रशिक्षकाच्या हाताखाली, पूर्ण सूट घालून भागवा. घरच्यांनी 'गाडी नको' एवढेच म्हणण्याऐवजी या खर्चाबद्दल मोकळे बोललेले मला जास्त उपयोगाचे वाटते.

ताबडतोब कधी दाखवावे

धावताना किंवा गाडी चालवताना छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, धडधड होऊन डोळ्यांपुढे अंधारी आली तर त्याच दिवशी ईसीजी काढा. श्रम चालू असताना बेशुद्ध पडणे हे 'उन्हाने झाले' म्हणून सोडून देऊ नका, वय वीस असले तरीही. घरात कोणी कमी वयात अचानक गेले असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. जोराच्या सरावानंतर लघवी काळ्या चहासारखी किंवा कोकम सरबतासारखी झाली तर स्नायू फुटून मूत्रपिंडावर भार आलेला असू शकतो, रात्रीची वाट पाहू नका. गाडीवरून पडल्यावर हेल्मेट शाबूत दिसले तरी उलटी, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी असेल तर रुग्णालय गाठा. मनगटात अंगठ्याच्या बुडाशी दाबल्यावर दुखत असेल तर पहिला एक्स-रे साफ आला तरी दहा-बारा दिवसांनी पुन्हा काढून घ्या. तिथल्या लहान हाडाची चीर अनेकदा उशिराच दिसते.