बेकन, सिगारेट आणि एक हेडलाइन

आज जाऊया २६ ऑक्टोबर २०१५ या दिवशी.

फ्रान्समधल्या ल्यों शहरात जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था आहे, आयएआरसी. तिने बोलावलेल्या १० देशांतल्या २२ तज्ज्ञांनी ८०० हून जास्त अभ्यास तपासले होते. त्या दिवशी निकाल जाहीर झाला. बेकन, सॉसेज, हॅम असं प्रक्रिया केलेलं मांस गट १ मध्ये, म्हणजे 'कॅन्सर होतो हे सिद्ध'. आपल्या गोव्याचं चोरीसही खारवलेलं, धुरावलेलं, म्हणून त्यातच. मटण, बीफ, पोर्क हे रेड मीट गट २ए मध्ये, म्हणजे 'बहुधा होतो'. चिकन आणि मासे या तपासणीत नव्हतेच.

आता गंमत बघा. गट १ मध्ये तंबाखूही आहे. झालं! जगभर मथळे आले: बेकन सिगारेटइतकंच घातक.

पण हे गट पुरावा किती पक्का ते सांगतात, धोका किती मोठा ते नाही. कोर्टात पाकीटमार आणि खुनी दोघंही 'दोषी' ठरतात, पण शिक्षा सारखी होते का?

मग धोका किती? रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं, तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची शक्यता १८ टक्क्यांनी वाढते. पण १८ टक्के कशाचे? ब्रिटनच्या कॅन्सर रिसर्च यूकेने हिशोब मांडला. असं मांस सगळ्यात कमी खाणाऱ्या १००० लोकांत आयुष्यभरात ५६ जणांना हा कॅन्सर होतो, सगळ्यात जास्त खाणाऱ्यांत ६६ जणांना. म्हणजे हजारात दहा जास्त. आयएआरसीनेच दिलेला जगाचा वर्षाचा अंदाज ऐका: असं मांस जास्त खाण्यामुळे कॅन्सरचे ३४ हजार मृत्यू, तंबाखूमुळे तब्बल १० लाख.

तीनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेला खुलासा करावा लागला: बंद करा असं म्हटलेलं नाही, कमी खाल्लंत तर धोका कमी होईल.

पण तोवर मथळा घरोघर पोचला होता. आणि खरं नुकसान इथेच होतं. सगळंच सारखं घातक वाटलं, की माणूस म्हणतो, "जाऊ दे, कशानेही कॅन्सर होतो," आणि तंबाखूची पुडी फोडतो.

तेव्हा पुढचा फॉरवर्ड आला, की आधी एकच विचारा: टक्के वाढले, पण किती जणांमधून किती जण?

भेटू पुढच्या भागात!