सुप्रजाजनन आणि ख्रिस्ती नीतिविचार

गिरण्यांचे शहर म्हणून सोलापूरचा उल्लेख इतिहासग्रंथांत वारंवार येतो. हिंदुस्थानातील सुप्रजाजननाच्या चळवळीचे एक आरंभीचे केंद्र म्हणून मात्र तो क्वचितच आढळतो. १९३० च्या सुमारास डॉ. ए. पी. पिल्ले यांनी येथे सुप्रजाजननाच्या प्रसारार्थ संस्था चालविली व १९३४ साली मुंबईहून 'मॅरेज हायजीन' हे नियतकालिक काढले. तत्पूर्वी १९२७ साली ना. सी. फडके यांनी याच विषयावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला होता. वैद्यकाच्या साह्याने मनुष्यजात अधिक सुदृढ करता येईल, अशी या मंडळींची श्रद्धा होती.

ख्रिस्ती नीतिविचाराशी या चळवळीचा पहिला ठळक खटका मुंबईत उडाला. १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र उघडणारे र. धों. कर्वे विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. त्यांचा प्रचार मिशनरी चालकांस रुचला नाही आणि १९२५ साली त्यांस नोकरी सोडावी लागली. परंतु हाच ख्रिस्ती पक्ष, असे समजणे उतावळेपणाचे होईल. १९३० च्या लॅम्बेथ परिषदेत अँग्लिकन बिशपांनी १९३ विरुद्ध ६७ मतांनी संततिनियमनास मर्यादित संमती दिली. सेंट पॉल्सचे डीन इंग तर सुप्रजाजननाचे उघड पुरस्कर्ते होते.

त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पोप अकरावे पायस यांनी 'कास्ती कोनूबिई' हे परिपत्र काढले. संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांस त्यात सक्त मनाई आहे. तथापि सुप्रजाजननासंबंधीचा त्यातील युक्तिवाद निराळा व अधिक खोल आहे. निरोगी संततीसाठी हितोपदेश करण्यास त्याची हरकत नाही. निरपराध मनुष्याच्या देहावर राज्याची सत्ता चालत नाही, आणि कुटुंब राज्याहून पवित्र आहे, हा त्याचा मुद्दा. या परिपत्राची पहिली बाजू आज अनेक कॅथॉलिकांसही पटत नाही. दुसरीची सत्यता मात्र जर्मनीतील १९३३ च्या सक्तीच्या नसबंदीच्या कायद्याने लवकरच पटविली. महाराष्ट्रालाही हा प्रश्न परका राहिला नाही. १९७६ साली राज्याच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही.

२००८ च्या 'दिग्नितास पेर्सोने' या व्हॅटिकनच्या निवेदनात रोगनिवारणार्थ केलेला जनुकीय उपचार व निरोगी देहाची गुणवृद्धी यांत भेद केला आहे. हा भेद उपयुक्त खरा, पण रेषा सरळ नाही : देवीची लस कोणताच रोग बरा करीत नव्हती, ती निरोगी देहास नसलेली शक्ती देत होती, आणि तरीही तिची गणना उपचारांतच होत आली.