न पाहता घेतलेली बंदूक
अमेरिकेत जुन्या बंदुका दूरवरून लिलावात घेण्याची चाल १९६८च्या बंदूक नियंत्रण कायद्याने मोडली, अशी तक्रार संग्राहक करतात. माझ्या मते ती त्याच कायद्याने टिकवली. त्याआधी फ्रान्सिस बॅनरमन यांच्यासारखे व्यापारी सरकारी लिलावांतली उरलेली शस्त्रं उचलून छापील सूचीवरून टपालाने विकत. १९६३मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मारेकरी ऑस्वाल्ड याने शिकागोच्या दुकानातून कार्कानो रायफल मागवली ती खोट्या नावाने, टपालपेटीच्या पत्त्यावर; दुर्बिणीसकट किंमत १९.९५ डॉलर. त्याच रायफलने झालेल्या केनेडींच्या हत्येनंतर ही वाट बुजवणं रास्तच होतं. पण कायद्याने सरसकट दार लावलं नाही. १८९८पर्यंतच्या बंदुका बहुतांशी मोकळ्या राहिल्या, संग्राह्य नमुन्यांसाठी वेगळा परवाना आला, आणि बाकीच्या बंदुका खरेदीदाराच्या राज्यातल्या परवानाधारक दुकानात ओळख पटवूनच हाती पडू लागल्या. खरं नाव सांगणाऱ्याला बोली लावायची मुभा उरली.

हातात न घेता पारख कशी करायची, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. नव्याने चढवलेला निळा मुलामा फोटोत देखणाच दिसतो. तरी त्या मुलाम्यासाठी आधी घासून पॉलिश केलेल्या नळीवर कोरीव अक्षरांच्या कडा बोथट होतात, आणि जवळून घेतलेल्या फोटोत ते लपत नाही. शिवाय बंदुकीवरचा क्रमांक कारखान्याच्या नोंदींशी ताडता येतो. कोल्ट कंपनीच्या दफ्तरातून अशा नोंदींचं पत्र मिळतं; विंचेस्टरच्या बऱ्याच जुन्या वह्या वायोमिंगमधल्या कोडीच्या संग्रहालयात आहेत. नोंदीत अष्टकोनी नळी आणि फोटोत गोल नळी असेल, तर विक्रेत्याकडून खुलासा मागवावा, आणि तो पटण्याजोगा नसेल तर बोली लावू नये.