फराळ तळताना कढईतील तेल का पेटते? पेटल्यास काय करावे?

दिवाळीच्या फराळात चकली, शंकरपाळे, करंजी, अनारसे, शेव असे तळणीचे पदार्थ अधिक असतात. त्यासाठी गॅसवर तेलाची कढई तासन्‌तास चढलेली असते. या दिवसांत स्वयंपाकघरात आग लागण्याचा धोका मुख्यतः या तापलेल्या तेलापासून असतो.

तेल केव्हा पेटते?

तेलाला ज्वाळा लागली तरच ते पेटते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात प्रमाणाबाहेर तापलेले तेल आपोआप पेट घेते. तळण्यासाठी साधारण १७० ते १९० अंश सेल्सिअस तापमान पुरते. बहुतेक रिफाइंड तेले २२० ते २३० अंशांच्या आसपास धुरावू लागतात आणि साडेतीनशे अंशांच्या सुमारास स्वतःहून पेटतात. म्हणजेच आगीच्या आधी धूर दिसतो. धूर दिसताच गॅस बंद केला, तर पुढचा प्रसंग टळतो.

कढईत पदार्थ असतो तेव्हा त्यातील पाण्याची वाफ होताना तेलाची उष्णता खर्च होते, त्यामुळे तापमान आवाक्यात राहते. दोन घाण्यांच्या मधल्या वेळात, कढई रिकामी आणि आच मोठी असताना, ते झपाट्याने चढते. दारावरची बेल किंवा फोन वाजला आणि आपण तिकडे गेलो, तर धोका इथेच असतो. शेवटच्या घाण्यांना तेल कमी उरलेले असते, तेही लवकर तापते. वारंवार वापरलेले तेल तर आणखी कमी तापमानाला धुरावते.

तळताना घ्यायची काळजी

• कढईजवळून हलायचे असेल, तर आधी गॅस बंद करावा.
• कढई निम्म्यापेक्षा जास्त भरू नये. पदार्थ सोडल्यावर तेल फेसाळून वर येते.
• झारा आणि हात कोरडे असावेत. करंजीच्या कडा नीट दाबाव्यात, म्हणजे ती तेलात फुटत नाही.
• सुती कपडे घालावेत. पदर, ओढणी खोचून घ्यावी.
• कढईवर पूर्ण बसेल असे धातूचे झाकण किंवा ताट हाताशी ठेवावे.
• पणत्या, कागद आणि पिशव्या शेगडीपासून दूर ठेवाव्यात.

तेल पेटलेच तर

पहिल्यांदा गॅस बंद करावा, पण पेटत्या कढईवरून हात न नेता. नंतर झाकण किंवा ताट कडेकडेने सरकवत कढईवर ठेवावे. हवा तुटली की आग विझते. कढई पूर्ण गार होईपर्यंत झाकण उघडू नये. तेल तापलेले असल्याने हवा मिळताच ते पुन्हा पेटू शकते.

पाणी कधीही टाकू नये. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी जाते, क्षणात त्याची वाफ होते आणि आकारमान सोळाशे-सतराशे पटींनी वाढते. ही वाफ पेटते तेल चहूकडे उडवते. मैदा, बेसन यांसारखे पीठही टाकू नये. उडालेले पीठ स्वतःच भडकते. पेटलेली कढई उचलून बाहेर किंवा सिंककडे नेऊ नये.

आग कढईबाहेर गेली, तर सर्वांनी घराबाहेर पडावे, दार ओढून घ्यावे आणि १०१ किंवा ११२ वर फोन करावा.

गॅसचा वास आल्यास

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. मोठी कढई मावावी म्हणून शेगडी खाली मांडणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. वास येताच पेटत्या पणत्या व शेगडी विझवावी, रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेचे बटण चालू किंवा बंद काहीच करू नये. बाहेर येऊन गॅसगळतीसाठीच्या १९०६ या क्रमांकावर कळवावे.

भाजल्यास

भाजलेला भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद लावू नये. फोड मोठे असतील किंवा चेहरा, डोळे भाजले असतील, तर लगेच डॉक्टरांकडे जावे.