घाटातली टोचनगाडी: पेट्रोल की डिझेल?

दुसरं महायुद्ध संपलं आणि लष्कराचे ट्रक लिलावात निघाले. डॉज, शेवरोले, फोर्ड, बहुतेक पेट्रोलवरचे. मागे लोखंडी घोडी आणि साखळी-कप्पी बसवली की झाली टोचनगाडी. खोपोलीत आमच्या गॅरेजातही तशीच एक होती. बोरघाट चढताना पेट्रोल अशी प्यायची की टाकीला भोकच पडलंय जणू. त्यात पावसाळ्यात डिस्ट्रिब्यूटरमध्ये पाणी शिरलं की ओढायला गेलेलीच अडकून पडायची!

१९५४ मध्ये टाटांच्या टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार केला, जमशेदपूरचे डिझेल ट्रक रस्त्यावर आले. मग जुन्या गाड्यांत पर्किन्सचं सहा सिलिंडरचं पी-सिक्स डिझेल इंजिन बसवायची टूम निघाली. प्लग नाही, कॉइल नाही, कमी फेऱ्यांतच जोर. पण इंजिन जड. पुढच्या पाट्यात पान वाढवावं लागे. फेरे कमी म्हणून सपाटीवरचा वेगही घटे.

आमचे अण्णा तरीही पेट्रोलवाले. कार्बोरेटर रस्त्याकडेला फुंकून साफ होतो. डिझेलचा पंप बिघडला तर बेंचवर न्यावा लागतो, आणि टाकी कोरडी पडली की आधी लाइनमधली हवा काढत बसा. हट्ट असला तरी मुद्दा खरा होता. १९७३ च्या तेलसंकटात पेट्रोल भडकलं आणि वाद संपला.

आजही कुणी जुना ट्रक घेऊन विचारायला आलं तर सांगतो: क्वचित ओढायचं असेल तर पेट्रोल ठेवा, रोज घाट चढायचा असेल तर डिझेलच घ्या.