पुंजयामिकी : तात्त्विक अर्थ

इलेक्ट्रॉन, फोटॉन, अणू यांसारख्या सूक्ष्म वस्तूंच्या वर्तनाचा सिद्धांत म्हणजे पुंजयामिकी. तिची भाकिते प्रयोगात चोख उतरतात, त्याबद्दल दुमत नाही. भांडण आहे ते या गणिताचा अर्थ काय लावायचा याचे. बंदुकीची गोळी कुठे लागेल हे न्यूटनच्या नियमांनी काढता येते. इलेक्ट्रॉन अमुक ठिकाणी सापडण्याची शक्यता किती, एवढेच सांगता येते, असा अर्थ माक्स बोर्न यांनी १९२६ मध्ये लावला. मग पाहण्यापूर्वी तो होता कुठे? या प्रश्नाला अर्थच नाही, असा नील्स बोर यांचा सूर. आइन्स्टाइन यांच्या मते सिद्धांतच अपुरा. ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये तिसरी वाट काढली : सगळ्याच शक्यता घडतात, प्रत्येक आपापल्या विश्वात.

जॉन बेल यांनी १९६४ मध्ये हा वाद प्रयोगाच्या आवाक्यात आणला. कणांचे गुण मोजणीआधीच ठरलेले असतात आणि दूरच्या मोजणीचा त्यांच्यावर परिणाम होत नाही, ही दोन गृहीतके एकत्र टिकत नाहीत, असे पुढच्या प्रयोगांतून दिसले. अस्पे, क्लाउझर आणि त्सायलिंगर यांना त्यासाठी २०२२ चे नोबेल मिळाले. बोर की एव्हरेट, हे मात्र त्यातून ठरले नाही.

मराठी वाचकाला ही अनेक विश्वे भेटली ती थेट पानिपतावर. कोल्हापुरात १९ जुलै १९३८ रोजी जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांना गोळी चाटून जाते आणि मराठे जिंकतात. अपघातानंतर त्या इतिहासात जाऊन आलेल्या गंगाधरपंतांना त्यांचा शास्त्रज्ञ मित्र इलेक्ट्रॉनच्या अनिश्चिततेचा दाखला देतो. पण गोळी म्हणजे इलेक्ट्रॉन नव्हे! नारळीकरांना हे पुरते ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी, लहानशा फरकाने मोठी उलथापालथ कशी होते हे सांगणाऱ्या कॅटॅस्ट्रॉफी सिद्धांताची जोड दिली. पंत पुरावा म्हणून तिकडच्या बखरीचे पान घेऊन येतात, तिथे मात्र कथाकार शास्त्रज्ञावर मात करतो. एव्हरेटच्या विश्वांमध्ये अशी ये-जा होत नाही.

नारळीकरांचे या विषयातले संशोधन कथेइतके लोकांपर्यंत गेले नाही. फ्रेड हॉईल यांच्यासह त्यांनी १९६९ आणि १९७१ मध्ये, विद्युत्भारित कण मध्ये क्षेत्र न आणता एकमेकांवर थेट क्रिया करतात असे मानणाऱ्या व्हीलर-फाइनमन सिद्धांताला पुंजयामिकीचे रूप दिले. उत्तेजित अणू आपसूक खालच्या पातळीवर उतरून प्रकाश टाकतो, त्याचे कारण रूढ मांडणी विद्युत्चुंबकीय क्षेत्रात शोधते. या दोघांनी स्वतंत्र क्षेत्राची कल्पनाच वगळली आणि साऱ्या विश्वातील कणांच्या प्रतिसादातून तेच उत्तर काढले. हे मान्य केले, तर अणूचा हिशेब एकट्या अणूपुरता मांडता येत नाही. दूरच्या दीर्घिकाही त्यात धराव्या लागतात.