एका पेनीची बैठक

मोठ्या शहरांत मनुष्यांचा तुटवडा नसतो. तुटवडा असतो तो चार घटका निवांत बसावयाच्या जागेचा. स्वतःच्या घरीं जागा अपुरी, दुसऱ्याच्या घरीं जावें तर निमंत्रण हवें, आणि मद्यगृहांत जावें तर शुद्धीवर राहून बोलणें कठीण. सतराव्या शतकांतील लंडनपुढें हीच अडचण होती. तिचें उत्तर तुर्की मुलुखांतून आलेल्या एका काळ्या, कडवट पेयानें दिलें.

इ. स. १६५२ च्या सुमारास पास्का रोझे यानें कॉर्नहिलजवळच्या सेंट मायकेल्स ॲली या बोळांत लंडनमधील पहिलें कॉफीगृह उघडलें. स्मर्ना येथें व्यापार केलेल्या डॅनियल एडवर्ड्स या इंग्रजाचा हा नोकर. थोड्याच वर्षांत अशीं गृहें शहरभर निघालीं. तेथील रीत साधी होती. एक पेनी द्यावी, कॉफी घ्यावी, मेजावरील वृत्तपत्रें वाचावीं, आणि जागा मोकळी असेल तेथें बसावें. शेजारचा गृहस्थ सरदार आहे कीं शिंपी, याची चौकशी नसे. ‘पेनीचीं विद्यापीठें’ हें नांव त्यांना पडलें तें यामुळेंच. अर्थात् या समतेलाही कुंपण होतें. कॉफीगृहें चालविणाऱ्या स्त्रिया होत्या. पण पुरुषांच्या मेजाशीं गिऱ्हाईक म्हणून बसण्याची मोकळीक स्त्रियांना बहुधा नव्हती.

माणसें एकत्र बसलीं म्हणजे राज्यकारभाराची चर्चा व्हावयाचीच. दुसऱ्या चार्ल्स राजाला ती खपली नाहीं. २९ डिसेंबर १६७५ रोजीं त्यानें सर्व कॉफीगृहें बंद करण्याचा जाहीरनामा काढला. परंतु शहरांत एवढा गहजब उडाला कीं, जानेवारींत अंमल सुरू होण्यापूर्वींच सरकारला नमतें घ्यावें लागलें. आधीं कांहीं महिन्यांची मुदत मिळाली, आणि पुढें ती बंदी कागदावरच राहिली.

राजाला जें साधलें नाहीं, तें गिऱ्हाइकांनीं आपल्या हातानें केलें. समानधर्मी लोक एकेका गृहीं जमूं लागले: विल्समध्यें ड्रायडनभोवतीं साहित्यिक, एडवर्ड लॉइडकडे जहाजांचे मालक व विमेवाले, जोनाथन्समध्यें रोख्यांचे दलाल. प्रारंभीं ही सोय होती; पुढें तिची मक्तेदारी झाली. दलालांनीं १७७३ सालीं स्वतंत्र इमारत घेऊन तिला स्टॉक एक्स्चेंज म्हटलें. लॉइडची मंडळी १७७४ सालीं रॉयल एक्स्चेंजमध्यें गेली. तिच्या संस्थेंतील गणवेषधारी सेवकांना अद्यापि ‘वेटर’ म्हणतात, एवढीच त्या मेजाची खूण उरली आहे. १६९३ सालीं चॉकोलेटगृह म्हणून निघालेलें व्हाइट्स तर निवडक सभासदांचा क्लब बनलें. त्यांतच घरोघरीं चहा आला, आणि उघड्या बैठकी एकामागून एक ओस पडल्या.

आपल्यासारख्यांतच बसावेंसें वाटणें हें मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. परंतु लंडनच्या त्या बैठकींत जो निवांतपणा होता, तो कॉफीच्या चवींत नव्हता. आपण कोण, हें न सांगतां बसतां येत होतें, यांत तो होता. शहरांत येणाऱ्या परक्याला आजही पहिली गरज असते ती अशाच दाराची. आणि तें बंद करावयास राजाज्ञाच लागते असें नाहीं.